‘दरी’ या शब्दाची कुळकथा

पावसाळ्याच्या दिवसांत मुंबईहून पुण्यास निघालेली आगगाडी कर्जत स्टेशन सोडून घाट चढूं लागली, म्हणजे डब्यांतील उतारूंचें लक्ष आपोआप खिडकीकडे जातें. एका बाजूस डोंगराची काळी, ओली भिंत आणि दुसऱ्या बाजूस एकाएकी तुटलेली जमीन. तिच्या तळाशीं धुकें सांचलेलें, आणि पलीकडच्या कड्यावरून पाण्याच्या पांढऱ्या धारा लोंबत असलेल्या. आईच्या मांडीवरचें मूल बोट दाखवून ‘हें काय?’ म्हणून विचारतें आणि आई सहज उत्तर देते, ‘दरी आहे ती.’ मुलाचें समाधान होतें, गाडी बोगद्यांत शिरते आणि तो शब्द तेथेंच राहतो. भोर घाटाच्या या चढावरून १८६३ सालापासून आगगाडी धांवत आहे, आणि तेव्हांपासून हा प्रश्न व हें उत्तर कितीवेळां झालें असेल, याची गणती करवणार नाहीं.

दरी म्हणजे दोन डोंगरांमधील खोल जागा, एवढें कोणीहि सांगेल. परंतु त्या जागेला ‘दरी’ कां म्हणावयाचें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. शब्द हें नाण्यासारखें असतें. हातोहातीं फिरून त्यावरील छाप पुसट होते, तरी बाजारांत तें चालतें. तथापि एखादें जुनें नाणें घासून पाहिलें, तर त्यावर ज्या राज्याचें नांव निघतें, त्या राज्याचा सारा इतिहास त्याबरोबर हातीं येतो. ‘दरी’ हा शब्द अशाच जातीचा आहे. तो नुसता भूगोलाचा शब्द नव्हे. त्यांत एक क्रिया दडलेली आहे, आणि ती क्रिया सह्याद्रीच्या कुशींत राहणाऱ्या माणसांच्या जिवाशीं आजहि संबंध ठेवून आहे.

ती क्रिया म्हणजे फाटणें. संस्कृत भाषेंत ‘दॄ’ असा एक धातु असून त्याचा अर्थ ‘विदारण करणें’, म्हणजे फाडणें, चिरणें, असा आहे. ‘विदारण’ व ‘विदीर्ण’ हे शब्द त्याच धातूपासून झालेले. कोणाचें हृदय विदीर्ण झालें असें आपण म्हणतों, तेव्हां तें फाटलें असाच त्याचा अक्षरार्थ असतो. याच धातूपासून ‘दर’ म्हणजे फट अथवा खड्डा हा शब्द सिद्ध झाला, आणि त्याचेंच स्त्रीलिंगी रूप ‘दरी’. तेव्हां दरी म्हणजे केवळ खोल जागा नव्हे. दरी म्हणजे जेथें डोंगर फाटला आहे ती जागा. संस्कृत कोशकार ‘दर’ या शब्दाचे खड्डा आणि भय असे दोन्ही अर्थ देतात, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. खोल कड्याच्या कांठावर उभें राहून खालीं डोकावणाऱ्याला या दोन अर्थांचा संबंध निराळा समजावून सांगावा लागत नाहीं.

या धातूचें कुटुंब मोठें आहे. महाराष्ट्राच्या इतिहासांत ज्या किल्ल्याचें नांव वारंवार येतें, तो पुरंदर याच कुळांतला. ‘पुरंदर’ हें इंद्राचें नांव. पुरें, म्हणजे तटबंदीचीं नगरें, विदारण करणारा तो पुरंदर. त्याच डोंगराला लागून वज्रगड उभा आहे, आणि वज्र हें इंद्राचें आयुध. किल्ल्याच्या नांवांतील ‘दर’ आणि त्याच्या पायथ्याशीं पसरलेली ‘दरी’ या दोघी एका माहेरच्या, हें त्या वाटेनें जाणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें. १६६५ साली दिलेरखानानें याच गडास वेढा घातला, मुरारबाजी देशपांडे तेथें पडला आणि जून महिन्यांत झालेल्या तहानें २३ किल्ले मोंगलांस द्यावे लागले. तट फोडणाऱ्या देवाचें नांव धारण करणाऱ्या गडाचाच तट तोफांनीं फोडला जावा, हा इतिहासाचा एक विलक्षण योग म्हणावा लागेल.

भरतखंडाच्या बाहेरहि या कुटुंबाचे आप्त आहेत. संस्कृत, फारशी, ग्रीक, इंग्रजी इत्यादि भाषा एका प्राचीन मूळ भाषेपासून निघाल्या, हें आतां सर्वमान्य झालें आहे. त्या मूळ भाषेंतील फाडणें या अर्थाचा धातु ग्रीक भाषेंत कातडें सोलणें या अर्थानें राहिला, आणि सोलून काढलेलें तें ‘डर्मा’, म्हणजे कातडें, असा शब्द तेथें झाला. त्वचारोगांच्या वैद्याला आज जें लांबलचक इंग्रजी नांव लावतात, त्याच्या प्रारंभीं हाच ग्रीक शब्द आहे. इंग्रजींत फाडणें या अर्थीं ‘टेअर’ हें क्रियापद आहे, तेंहि याच घराण्यांतलें. संस्कृतांत ‘दृति’ म्हणजे कातड्याची पखाल. तीहि याच नात्यांतली. कातडें आणि डोंगर यांत वरवर पाहतां कांहीं साम्य नाहीं; पण एक सोलला जातो आणि दुसरा चिरला जातो, एवढा धागा पुरेसा आहे.

फारशीचें उदाहरण अधिक जवळचें आहे. त्या भाषेंत ‘दरीदन’ म्हणजे फाडणें आणि ‘दर्रा’ म्हणजे डोंगरांमधील दरी. अफगाणिस्तानांतील पंजशीर नदीच्या खोऱ्यास तेथील लोक ‘दर्रा’ म्हणतात. हाच शब्द हिंदींत आला तो मात्र ‘डोंगर ओलांडण्याची वाट’ हा अर्थ घेऊन. म्हणून हिंदी लेखक ‘खैबर दर्रा’ लिहितो आणि मराठी लेखक ‘खैबर खिंड’ लिहितो. फाटलेला डोंगर एकच. पण त्याच्या तळाशीं वस्ती करून राहणाऱ्याला ती राहण्याची जागा दिसते आणि त्यांतून सैन्य नेणाऱ्याला ती वाट दिसते. शब्दाचा अर्थ बदलतो तो बहुधा असा, पाहणाराची जागा बदलल्यामुळें.

कुळकथा सांगतांना तोतयांपासूनहि सावध राहिलें पाहिजे. ‘दरवाजा’ या शब्दांतील ‘दर’ ऐकून तोहि फाटलेल्या भिंतीवरून आला असावा, असें एखाद्यास वाटेल. पण तो फारशी ‘दर’ म्हणजे दार यापासून आलेला असून संस्कृत ‘द्वार’ हा त्याचा खरा भाऊ आहे. त्या घराण्याचा मूळ धातूच निराळा. तसेंच उत्तर हिंदुस्थानांत ‘दरी’ म्हणजे सुती सतरंजी. तेथील एखाद्या गृहस्थानें ‘खालीं दरी आहे’ असें म्हटलें, तर मराठी पाहुण्यानें दचकून मागें सरण्याचें कारण नाहीं. त्यानें खुशाल बसावें. उच्चार सारखा म्हणून नातें सारखें असें मानणें, ही व्युत्पत्तीच्या प्रांतांतील सर्वांत सामान्य चूक होय.

आतां एक अडचण उभी राहते. संस्कृत ग्रंथांत ‘दरी’ हा शब्द पुष्कळ ठिकाणीं आढळतो. परंतु तेथें त्याचा अर्थ बहुधा आजच्या मराठींतल्यासारखा नसतो. अमरकोशाच्या शैलवर्गांत ‘दरी’ व ‘कंदर’ हे शब्द एकत्र दिलेले असून त्यांच्या शेजारींच ‘गुहा’ हा शब्द येतो. कालिदासाच्या ‘कुमारसंभव’ काव्याच्या पहिल्या सर्गांत हिमालयाचें वर्णन आहे. त्यांत ‘दरीमुख’ आणि ‘दरीगृह’ असे शब्द येतात. दरीच्या मुखांतून वारा बाहेर पडतो, दरीच्या घरांत रात्रीं औषधी उजेड देतात, आणि त्या घराच्या दाराशीं ढग पडद्यासारखे लोंबतात, अशी ती कल्पना आहे. ज्या दरीला तोंड आहे, दार आहे व घर आहे, ती अर्थातच गुहा होय. पाली भाषेंतहि या शब्दाला फट व गुहा असेच अर्थ आहेत. गुजरातींत तर ‘दर’ म्हणजे उंदराचें किंवा सापाचें बीळ. म्हणजे फाटणें या एका कल्पनेपासून निघालेला हा शब्द गुजरातेंत बिळांत शिरला, संस्कृत काव्यांत गुहेंत राहिला आणि महाराष्ट्रांत मात्र उघड्या आकाशाखालीं येऊन पसरला.

असें कां व्हावें? याचें उत्तर महाराष्ट्राच्या भूमींत व भाषेच्या घरगुती व्यवस्थेंत शोधावें लागतें. एखाद्या घरांत चार भावंडें असलीं, म्हणजे कामें आपोआप वांटलीं जातात. शब्दांचेंहि तसेंच होतें. मराठींत आंत शिरलेल्या पोकळीसाठीं शब्दांची उणीव नव्हती. ‘गुहा’ होतीच, माणसानें कोरलेल्या गुहेला ‘लेणें’ होतें, खडकांतील लहान आडोशाला ‘कपार’ होती. तेव्हां ‘दरी’ या शब्दाला आंतली जागा राखून ठेवण्याची गरज उरली नाहीं. उलट ज्या देशाच्या पश्चिमेस शेंकडों मैल लांब असा एक कडा उभा आहे आणि तो जागोजाग चिरलेला आहे, त्या देशाला वरून उघड्या असलेल्या फटीसाठीं एक भक्कम शब्द हवा होता. ‘दरी’नें ती जागा घेतली. फाटणें दोन प्रकारचें असतें : वस्त्राला भोंक पडतें आणि वस्त्र कांठापासून कांठापर्यंत चिरतें. संस्कृतानें पहिलें पाहिलें, मराठीनें दुसरें.

या दोन अर्थांमधील सांधा अगदींच पुसला गेला असें मात्र नाहीं. ‘घळ’ हा मराठी शब्द या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. घळ म्हणजे डोंगराच्या उतारांत पाण्यानें पाडलेली अरुंद, खोल चीर. आणि घळ म्हणजे कड्याच्या पोटांतील पोकळीहि. महाड तालुक्यांतील शिवथरची घळ प्रसिद्ध आहे. समर्थ रामदासांनीं ‘दासबोध’ ग्रंथाची रचना येथें केली, अशी परंपरा आहे, आणि धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं ही जागा शोधून काढली. तेथें जाणारा यात्रेकरू धबधब्याच्या आड असलेल्या एका प्रशस्त कपारींत शिरतो. आणि तो जेथून चढून येतो, ती मात्र डोंगरांमधली अरुंद दरीच असते. घळ कोणती, आंतली कीं बाहेरची, हा प्रश्न तेथें कोणाला पडत नाहीं. कालिदासाची दरी आणि आगगाडींतून दिसणारी दरी या दोन्हीं त्या एका शब्दांत अजून शेजारीं शेजारीं नांदत आहेत.

‘दरी’च्या शेजारपाजारचे इतर शब्द पाहिले म्हणजे मराठी माणसानें डोंगर किती बारकाईनें पाहिला होता, याची कल्पना येते. ‘खिंड’ म्हणजे दोन उंचवट्यांमधून पलीकडे जाण्याची अरुंद जागा. दरी खालीं नेते, खिंड पार नेते. तटाला पडलेलें ‘खिंडार’ या शब्दाच्याच घरचें. आणि ‘खिंडींत गांठणें’ हा वाक्प्रचार ज्या अनुभवांतून निघाला, तो अनुभव १३ जुलै १६६० रोजीं विशाळगडाच्या वाटेवरील घोडखिंडींत बाजीप्रभु देशपांडे यांनीं शत्रूला करून दिला. ती खिंड पुढें पावनखिंड झाली. तेथें ‘दरी’ असती, तर थोड्या माणसांनीं मोठें सैन्य थोपवून धरण्याचा प्रसंगच आला नसता. हें काम खिंडीचें, कारण तिला दुसरी बाजू असते व तिच्यांतून गेल्यावांचून गत्यंतर नसतें.

‘नाळ’ म्हणजे कड्यावरून खालीं उतरणारी, नळीसारखी अरुंद व दगडगोट्यांनीं भरलेली वाट. पावसाळ्यांत तींतून पाणी उतरतें आणि उन्हाळ्यांत माणसें उतरतात. रायगडाच्या परिसरांत लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ आणि हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट हीं नांवें डोंगरभटक्यांस परिचित आहेत. ‘सांद’ म्हणजे दोन वस्तूंमधील चिंचोळी फट. अकोले तालुक्यांत साम्रद गांवाजवळ दोन उभ्या भिंतींमधून जी फट कोंकणाकडे उतरत जाते, तिला गांवकरी ‘सांदण’ म्हणतात. ‘खोरें’ हा शब्द याहून ऐसपैस आहे. ज्या नदीचें पाणी ज्या भूमीवरून वाहत येतें, ती सारी भूमि त्या नदीचें खोरें. तेथें शेतें असतात, गांवें असतात, देशमुख असतात. म्हणूनच बारा मावळांच्या नांवांत मुठे खोरें, मोसे खोरें, कानद खोरें, रोहिड खोरें अशीं नांवें आढळतात. दरींत मनुष्य उतरतो. खोऱ्यांत तो नांदतो. ‘दऱ्याखोरीं’ हा जोडशब्द या दोहोंना एकत्र बांधतो, पण एक करीत नाहीं.

‘घाट’ या शब्दाची गोष्टहि अशीच आहे. हिंदींत ‘घाटी’ म्हणजे दरी. मराठींत घाट म्हणजे चढण, आणि घाटी म्हणजे लहानशी चढण किंवा घाटावरचा माणूस. हिंदी वाचणारा ‘घाटी’ शब्दापाशीं खालीं पाहतो, मराठी वाचणारा वर पाहतो. दोन भगिनी भाषांत एकच शब्द डोंगराच्या दोन विरुद्ध अंगांना चिकटून राहावा, यांत नवल नाहीं. डोंगर नसेल तर दरी नाहीं आणि दरी नसेल तर डोंगराची उंची कळत नाहीं.

येथें एक शंका घेतां येईल. शब्द म्हणतो कीं डोंगर फाटला. पण डोंगर खरोखरच फाटतो काय? भूगर्भशास्त्राचें उत्तर मनोरंजक आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या खडकाचा झालेला आहे, तो बेसॉल्ट होय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीं भूमीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर आला, थरावर थर सांचले आणि थंड होऊन खडक झाले. डोंगराच्या अंगावर दिसणाऱ्या पायऱ्या त्या थरांच्याच आहेत. ‘डेक्कन ट्रॅप’ या नांवांतील ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेंतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून घेतलेला आहे. लाव्हा थंड होतांना आकसतो आणि आकसतांना त्याला उभ्या चिरा पडतात. सह्याद्रीच्या माथ्यावर कांहीं ठिकाणीं वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तें पाणी याच चिरांतून वाट शोधतें, दगड सुटा करतें, वाहून नेतें आणि चिरेची घळ, घळीची दरी होते. म्हणजे येथील बहुतेक दऱ्या एका झटक्यानें फाटलेल्या नाहींत. आधीं चीर पडली आणि मग पाण्यानें ती लक्षावधि वर्षें उसवीत नेली.

या ठिकाणीं संस्कृतांतील ‘कंदर’ शब्दाची आठवण होते. जुन्या परंपरेंत त्याची फोड अशी करीत असत कीं, ‘क’ म्हणजे पाणी, आणि त्या पाण्यानें जें विदारलें गेलें तें कंदर. आधुनिक भाषाशास्त्र ही फोड मान्य करीलच असें नाहीं. परंतु ज्यानें ती प्रथम केली, त्यानें डोंगर नीट पाहिला होता, एवढें खचित. पाणी डोंगर फाडतें, हें त्याला कोणत्याहि यंत्रावांचून कळलें होतें.

खरोखर फाटलेली भूमिहि आहे, आणि ती फार दूर नाहीं. नर्मदा व तापी या दोन नद्या इतर मोठ्या नद्यांप्रमाणें पूर्वेकडे न जातां पश्चिमेकडे वाहतात, याचें कारण त्या ज्या सखल पट्ट्यांतून वाहतात, तो पट्टा दोन भेगांमधील भूमि खचून झालेला आहे. अशा दरीला मराठी भूगोलाच्या पुस्तकांत ‘खचदरी’ असें समर्पक नांव आहे. त्याच पुस्तकांत नदीच्या वरच्या टप्प्यांतील उभ्या भिंतींच्या दरीला ‘घळई’ म्हणतात, आणि चंबळ नदीच्या कांठीं मऊ गाळाच्या जमिनींत पाण्यानें जें ओघळींचें जाळें पाडलें आहे, त्या प्रकारच्या भूमीला ‘उत्खातभूमि’ म्हणतात. हे शब्द घडविणाऱ्यांनीं परक्या शब्दांचें ओझें आणलें नाहीं. घरांत होतें तेंच पुढें केलें. ‘खचदरी’ हा शब्द ऐकतांच ती कशी झाली हें मुलाला कळतें, आणि पारिभाषिक शब्दाकडून याहून अधिक अपेक्षा कोणी करूं नये.

परंतु या कुळांतील ज्या शब्दाचा आज सर्वांत अधिक संबंध येतो, तो ‘दरी’ नव्हे. तो ‘दरड’ होय. दरड म्हणजे डोंगराची किंवा नदीकांठची तुटलेली उभी बाजू. संस्कृत कोशांत कडा या अर्थाचा ‘दरद्’ असा शब्द नोंदलेला आहे, आणि दरड हा शब्द त्याच कुळांत सहज बसतो. दरी ही फाटल्यामुळें पडलेली पोकळी. दरड ही फाटल्यावर उरलेली कड. शिवणीतून उसवलेल्या कापडाची कड जशी हलक्या ओढीनेंहि सुटत जाते, तशीच ही. दरड कोसळली असें वर्तमानपत्रांत वाचतांना ही एखादी आगंतुक आपत्ति वाटते. पण शब्दाचा अर्थ ध्यानांत घेतला, तर ती डोंगराच्या जुन्याच कामाची पुढची पायरी आहे, असें दिसून येतें.

त्या कामाचा हिशेब अलीकडच्या वर्षांत फार जबर झाला आहे. जुलै २००५ मध्यें महाड तालुक्यांतील दासगांव, जुई इत्यादि गांवांवर दरडी कोसळल्या. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव डोंगराखालीं गडप झालें आणि सुमारे १५० माणसें दगावलीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये येथें ८० हून अधिक माणसें गेलीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इरशाळगडाच्या कुशींतील इरशाळवाडी झोंपेंतच गाडली गेली. चारहि प्रसंगीं महिना जुलै. आणि प्रत्येक वेळीं आधीं मोठा पाऊस पडलेला.

हें कसें घडतें, तें समजण्यास कठीण नाहीं. खडकाच्या वरच्या बाजूस झिजून झालेल्या मातीचा व सुट्या दगडांचा जाड थर असतो. संततधार पावसानें हा थर पाण्यानें भरतो. त्याचें वजन वाढतें, आणि खालच्या खडकावरील त्याची पकड मात्र कमी होते. त्यांतच रस्त्यासाठीं किंवा सपाटीसाठीं उताराचा पायथा कापलेला असला, वरचीं झाडें गेलेलीं असलीं, तर वरच्या थराला टेकू उरत नाहीं. मग तो एकाएकी सुटतो. तरी तो अगदीं मुकाट्यानें सुटतो असें मात्र बहुधा होत नाहीं. उतारावर किंवा घराच्या जोत्याला नव्या भेगा पडतात. झाडें व खांब कलतात. दारें चौकटींत अडकूं लागतात. नेहमींचा स्वच्छ झरा गढूळ होतो, किंवा जेथें पाणी नव्हतें तेथें तें फुटतें. हीं चिन्हें दिसलीं, तर रात्रीची वाट न पाहतां ती जागा सोडणें, हाच शहाणपणा होय. जमीन फाटूं लागली आहे, एवढाच त्या चिन्हांचा अर्थ. आणि तोच ‘दरी’ या शब्दाचा पहिला अर्थ आहे.

हे शब्द टिकावेत असें म्हणण्यांत केवळ भाषाभिमान आहे, अशी समजूत होण्याचा संभव आहे. वस्तुतः प्रश्न अभिमानाचा नाहीं. सहलीला जाणाऱ्या शहरी मंडळींच्या तोंडीं आज सांदणीला ‘सांदण व्हॅली’ असें नांव रूढ झालें आहे, आणि दरी, घळ, नाळ, सांदण या सर्वांना मिळून ‘व्हॅली’ हा एकच शब्द पुरेसा वाटूं लागला आहे. परंतु डोंगरांत राहणाऱ्याला हे भेद पुरवठ्याला लागत होते. नाळ म्हटली कीं उतरावयास वाट आहे, पण पावसांत तींत शिरूं नये, हें ऐकणाराला समजत असे. सांद म्हटली कीं आंत आडोसा नाहीं आणि वर पाऊस झाला तर पाणी अंगावर येईल, हें वेगळें सांगावें लागत नसे. दरडीखालीं घर म्हटलें कीं घरधन्याची झोंप किती हलकी असावी, हें कळत असे. चार शब्दांचा एक शब्द झाला, म्हणजे चार सूचना नाहींशा होतात. त्या पुन्हां पाटीवर लिहाव्या लागतात, आणि पाटी सर्वांनाच दिसते असें नाहीं.

शब्द मात्र आपला मूळ स्वभाव सहजासहजीं सोडीत नाहीं. दोन भावांत, दोन पिढ्यांत, श्रीमंत व गरीब यांच्यांत ‘दरी पडली’ असें आजच्या मराठींत नित्य म्हणतात. बोलणाराच्या मनांत त्या वेळीं डोंगर नसतो, संस्कृत धातु तर नसतोच. तरीहि तो नकळत त्या जुन्या अर्थाकडेच परत गेलेला असतो. ‘मन फाटलें’ आणि ‘मध्यें दरी पडली’ हीं एकाच गोष्टीचीं दोन वर्णनें आहेत : पहिलें घाव पडतांनाचें, दुसरें घाव पडून पुष्कळ दिवस पाणी वाहून गेल्यानंतरचें. आभाळच फाटलें तर ठिगळ कोठें लावणार, असा प्रश्न मराठी माणूस विचारतो. भूमि फाटली तर तिलाहि ठिगळ लागत नाहीं. तिच्या कांठानें जपून चालावें आणि ती कोठें उसवते आहे याकडे लक्ष ठेवावें, एवढेंच हातीं असतें.

आगगाडी बोगद्यांतून बाहेर येते, तेव्हां खिडकीबाहेर तीच दरी पुन्हां दिसते. ‘दरी आहे ती,’ या आईच्या उत्तरांत चुकीचें कांहींच नव्हतें. तिला वाटलें तर ती त्यांत एक वाक्य आणखी घालूं शकेल : येथें फार फार वर्षांपूर्वीं डोंगराला चीर पडली, आणि पाऊस ती अजून उसवीत आहे. मूल तेव्हां खालीं पाहण्याऐवजीं कदाचित् त्या ओल्या, काळ्या भिंतीकडे पाहील. पाहण्यासारखें खरें तेथेंच असतें.